बर्फात धुतलेले केस

विनिपेग, २ सप्टेंबर १९७९

...आणि तांदूळ धुतल्यावर ते पाणी नेहमीच्या सवयीने झाडाला घालायला उचललं. मग आठवलं, इथे झाड नाही, आणि बाहेर जानेवारीचा बर्फ. पाणी सिंकमध्ये ओतलं. रेडिएटरवर वाळत घातलेले त्याचे पायमोजे उलटे केले. कॉफी ठेवली. रविवार होता, दहा वाजता चर्चला जायचं होतं, म्हणून माझ्या स्कर्टला इस्त्री केली. अन्सेल्मो दाराशी बसून बूट चढवत होता. मी म्हटलं, "टोपी." तो म्हणाला, "हो गं बाई, टोपी." आणि टोपी न घालताच बाहेर गेला. मी खिडकीतून बघितलं तेव्हा त्याने ती खिशातून काढून डोक्यावर चढवली होती. मला दिसावी म्हणून खिडकीकडे तोंड करून.

मनांग, थोरल्या ताई, तुमचा भाऊ अन्सेल्मो गेला त्या सकाळी मी केलं ते एवढंच. तुम्हाला मी लिहिलं होतं, घरीच गेला, हृदय बंद पडलं. ते खोटं नव्हतं. पण घरी म्हणजे घराच्या दारात, आणि त्याच्या हातात फावडं होतं. आदल्या रात्री बर्फ पडला होता. आमची घरमालकीण, हावरिलुकबाई, सत्तरीची विधवा. तिची पायवाट तोच मोकळी करायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हृदय आधीपासूनच अधू होतं, डॉक्टर म्हणाले. थंडीत जड फावडं मारलं की असं होतं म्हणाले. फावड्याचं मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, बर्फाने मारलं माझ्या भावाला.

मी आल्यापासून तुम्हाला बर्फाबद्दल खरं लिहिलेलंच नाही. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, इथली थंडी म्हणजे आपल्या बागियोच्या डोंगरावरचा डिसेंबर समजा, शाल पुरते. तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं आणि माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.

आता खरं लिहायला बसले त्याला कारण आहे. नेनिताचे कागद मंजूर झाले. तिची तपासणी, शिक्के, सगळं झालं आहे आणि ते वर्षअखेरपर्यंतच चालतं. एकतीस डिसेंबरच्या आत ती इथे उतरली नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी अर्ज करायला तिचा बाप नाही. पुन्हा मंजूर होईल की नाही ते ऑफिसातली बाई सांगत नाही. मी विचारलं तर ती फक्त चष्मा पुसते.

नेनिता तुमच्याकडे आहे. तुम्ही तिला मनिलाला नेऊन विमानात बसवलंत तरच ती येईल. मी सहा वर्षांची पोर तुमच्या ओटीत घालून आले. आता ती आठ वर्षांची आहे, आणि मार्चपासून तुमचं पत्र नाही. तिचंही नाही. तिला तुम्ही लिहू देत नसाल असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की तिचं अक्षर कसं झालंय ते मला माहीत नाही.

काहीही लिहा. शिव्या लिहा.

तुमची भावजय,
फेलिसितास

*

विनिपेग, १४ ऑक्टोबर १९७९

मनांग,

तुमचं पत्र आलं. सात ओळी. मी मोजल्या नव्हत्या, तेओदोराने मोजल्या. ती शिलाईच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसते, आपल्याच लाओआगची. म्हणाली, "सात ओळींत एवढा जाळ? मनांग बासिलियांना सरकारात घ्यायला हवं."

तुम्ही लिहिता: "दफनाच्या दुसऱ्या सकाळी घरच्या माणसांनी नदीवर जायचं, पेंढ्याच्या राखेच्या पाण्याने केस धुवायचे, थोरल्या बाईने डोक्यावर पाणी घालायचं. हे गुलगोल तुला मी नव्याने शिकवायचं? ते केल्याशिवाय मेलेला निघत नाही आणि दुःख डोक्यावरून उतरत नाही. तू लिहिलंस, नदी गोठली होती. नदी कधी गोठते का? पद्सान माझ्या जन्मात गोठली नाही. कारण सांगायचं तर बरं तरी सांगावं. ज्या घरात माझ्या भावाचं गुलगोल झालं नाही, त्या घरात मी पोर पाठवणार नाही."

मनांग, नदी गोठते. इथे दोन नद्या आहेत आणि दोन्ही गोठतात. माणसं त्यांच्यावरून चालतात. मोटारीसुद्धा जातात. मी हे ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात वाचलं, वरून गोठते आणि खालून वाहत राहते, मासे खाली जिवंत असतात. तुम्ही म्हणायचात ना, चौथीपर्यंत शिकलेली बाई आणि तंबाखूच्या कोठारात भिंतीला चिकटवलेली वर्तमानपत्रं वाचत उभी राहते, पानं वाळवायची सोडून. अजून वाचते. इथे पुस्तकं फुकट घरी नेऊ देतात. तीन आठवड्यांनी परत द्यायची.

तुम्हाला वाटतं पोर इथे जगणार नाही. मी जगायला शिकले ते सांगते. आधी पातळ कपडा, मग लोकर, मग वारा अडवणारा कोट, या क्रमाने. क्रम चुकला की काही उपयोग नाही. पहिल्या हिवाळ्यात मी सगळं एकदम घातलं, पाच झगे आणि वर अन्सेल्मोचा शर्ट, आणि बसमध्ये घाम फुटून बाहेर आल्यावर तो घाम गार पडला. हावरिलुकबाई म्हणाली, "तू कांद्यासारखी दिसतेस, पण कांद्याला अक्कल असते." तोंडावर मफलर घेऊन नाकाने श्वास घ्यायचा. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही. चालताना पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे, बदकासारखं. आणि बस चुकली तर उभं राहायचं नाही, पुढच्या थांब्यापर्यंत चालायचं.

आम्ही कारखान्यात काय शिवतो माहीत आहे? थंडीचे कोट. मी टोप्या जोडते, कडेला केसाळ पट्टी लावते. पन्नास बायका, चाळीस आपल्याकडच्या, त्यांतल्या कोणीही वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत स्वेटर पाहिलेला नाही, आणि सगळ्या कॅनडाला ऊब पुरवतो. तेओदोरा हे रोज सांगते आणि रोज हसते.

घरात आता मासळी खारवून मागच्या जिन्यात टांगते. थंडीत माशी नाही, मांजर नाही. पहिल्यांदा हावरिलुकबाई नाकाला रुमाल लावून वर आली. "कोण मेलंय इथे?" मी म्हटलं, "तुमच्या पिंपातली आंबवलेली कोबी जिवंत आहे का?" त्यानंतर ती कोबी वर पाठवते आणि मी मासळी खाली. शेवग्याचा पाला मात्र मिळत नाही. त्याची आठवण येते. अन्सेल्मोची आठवण येते ती वेगळी, ती येत-जात नाही, असतेच. सकाळी उठल्यावर असते, कॉफी करताना असते. तिच्याबरोबर मी कामावर जाते.

गुलगोलबद्दल काय लिहू. मी लिहिलं होतं की करता आलं नाही. तेच पुन्हा लिहिते की

*

विनिपेग, २१ ऑक्टोबर १९७९

मनांग,

वरचं पत्र आठवडाभर ओट्यावर पडून होतं. टाकलं नाही. तसंच अर्धं जोडून पाठवते, म्हणजे मी कुठे अडले ते तुम्हाला दिसेल.

आता सांगते. हे वाचून तुम्ही पोर पाठवणार नाही असं होऊ शकतं. न सांगताही तुम्ही पाठवत नाही. मग खरं सांगून काय ते होऊ दे.

मी गुलगोल केलं.

शुक्रवारी दफन झालं. जमीन दगडासारखी होती, दोन दिवस कोळसे पेटवून तापवली तेव्हा खणता आली. चर्चमधून घरी आले आणि माझ्या डोक्यात एकच, उद्या सकाळी नदी. पण पेंढा कुठून आणू? इथे भात पिकत नाही. हावरिलुकबाईच्या घरात कोपऱ्यात गव्हाची एक पेंडी उभी होती, लाल फीत बांधलेली. त्या लोकांचा पंथ वेगळा, त्यांचा नाताळ आपल्यानंतर दोन आठवड्यांनी येतो आणि तेव्हा ते अशी पेंडी घरात आणतात. मी खाली जाऊन म्हटलं, "त्यातला थोडा पेंढा मला द्याल का?"

ती म्हणाली, "ते सजावटीचं नाही. त्यात माझे मेलेले बसलेत. नवरा, आई, दोन भाऊ."

मी म्हटलं, "माझा मेलेला जायचाय. त्याला निरोप द्यायला पेंढा लागतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पेंडीला हात जोडल्यासारखं काहीतरी पुटपुटली, मूठभर पेंढा उपसला आणि म्हणाली, "हा माझ्या भावाचा. त्याला प्रवासाची हौस होती."

पेंढा मी तव्यावर जाळला. राख पाण्यात कालवली. आपली उसाची दारू नव्हती, तेओदोराच्या नवऱ्याने रम दिली, तिचे चार थेंब घातले. नदी गोठलेली आहे हे मला माहीत होतं. पण हावरिलुकबाईनेच बोलता बोलता सांगितलं की त्यांच्या पाद्र्याने त्याच दिवशी सकाळी नदीच्या बर्फात क्रूसाच्या आकाराचं भोक पाडून पाणी मंतरलं होतं. दरवर्षी करतात. मला वाटलं, हे माझ्यासाठीच पाडलंय.

शनिवारी सकाळी बादली आणि राखेचं पाणी घेऊन मी एकटी गेले. तेओदोराला सांगितलं असतं तर तिने अडवलं असतं. रात्रीत भोकावर पुन्हा बर्फाची साय धरली होती. ती बादलीच्या काठाने फोडली. पाणी काळं होतं. पाणी घालायला थोरली बाई नव्हती, म्हणून मीच गुडघ्यावर बसून टोपी काढली, केस सोडले, आधी राखेचं पाणी घातलं आणि मग नदीचं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी हात माझं ऐकेनात. तुमच्या भावाचं नाव घेऊन मी म्हटलं, जा आता, माझी काळजी करू नकोस. आणि डोकं वर केलं तर केस वाजले. मनांग, केस वाजले. काड्यांसारखे. मी हात लावला तर एक बट मोडली.

घर लांब नव्हतं, वीस मिनिटं. मी किती चालले ते आठवत नाही. मला थंडी वाजायची थांबली होती आणि फार बरं वाटत होतं, जसं आपल्याकडे दुपारी व्हरांड्यात झोप लागते तसं. नंतर पुस्तकात वाचलं की तीच वाईट खूण असते. हावरिलुकबाई समोरून आली. तिने खिडकीतून मला बादली घेऊन जाताना बघितलं होतं आणि मूठभर पेंढ्याचा आणि माझ्या बादलीचा हिशोब तिच्या डोक्यात उशिरा जुळला. पायात घरातल्या चपला, अंगावर गाऊनवरून कोट. तिने स्वतःचा रुमाल माझ्या डोक्याला गुंडाळला आणि सबंध रस्ता मला शिव्या देत आणलं. तिच्या भाषेतल्या शिव्या. मला कळल्या नाहीत, पण एकही चुकवू नये अशा होत्या.

नऊ दिवस इस्पितळात होते. न्यूमोनिया झाला. उजव्या कानाचं वरचं टोक गेलं, करंगळीच्या नखाएवढं. केसांत झाकतं. डॉक्टरने विचारलं, "उणे अठ्ठावीसमध्ये तुम्ही केस का धुतलेत?" मी म्हटलं, "काल धुवायचे राहिले होते." त्याने ते लिहून घेतलं.

फेब्रुवारीत बरी झाल्यावर तुम्हाला पत्र लिहायला बसले. खरं लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, भाऊ गेला, भावजयीचा कान गेला, आता पोरीचं काय जायचं बाकी आहे? म्हणून लिहिलं, करता आलं नाही. मला वाटलं, मी आळशी ठरले तरी चालेल, नेनिता आली पाहिजे. तुम्ही त्याचा असा अर्थ घ्याल की मला त्याची पर्वा नव्हती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. तुम्ही त्याला आईसारखं वाढवलंत.

ही थंडी माणसाचा कान नेते हे खरं आहे. तिला न विचारता तिच्या वाटेला गेलं तर. त्यानंतर मी रोज बाहेर जाते, तो हिवाळा निघाला, आता पुढचा येतोय आणि मला काही झालेलं नाही. आता मी तिला ओळखते.

मला एवढंच म्हणायचं होतं. सांगून झालं. आता तुम्ही ठरवा. रडणार नाही असं म्हणत नाही, पण पुन्हा खोटं लिहिणार नाही.

फेलिसितास

*

विनिपेग, १८ नोव्हेंबर १९७९

मनांग,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. कोट न काढता जिन्यातच फोडलं. हावरिलुकबाई खालून ओरडली, "दार लाव, मी रस्ता तापवत नाहीये." मी दार लावलं आणि तिथेच पायरीवर बसले.

तुम्ही लिहिलेलं मी तिला भाषांतर करून सांगितलं, म्हणून मला पाठच झालंय. "मूर्ख बाई. नदीवर जा असं म्हणतात कारण आपल्याकडे नदी जवळ असते. पातेल्यात पाणी तापवून घरात धुतले असतेस तर अन्सेल्मो काय रुसून बसला असता? त्याला गरम पाणीच आवडायचं, लहानपणी नदीवर न्यायला मला त्याच्या कानाला धरावं लागे. पण तुला हे कोणी सांगितलं नसणार. मीच आयुष्यभर नदी नदी केलं. म्हणजे मीही मूर्ख. आणि ऐक. जानेवारीत इथे पद्सानवर मी नेनिताच्या डोक्यावर पाणी घातलं, तेव्हा दोन वेळा घातलं. एकदा तिचं, एकदा तुझं. तुझ्यावर रागावलेली असताना घातलं, तरी ते लागू पडतं."

हे ऐकून हावरिलुकबाई म्हणाली, "ही बाई मला आवडली. तिला म्हणावं, मी बरोबर शिव्या दिल्या होत्या." तिचा निरोप पोचवला.

मग तुम्ही लिहिलंत, "तिकीट काढलंय. नऊ डिसेंबर. पोर पाठवते. कान झाकून ठेव, तिचेही आणि तुझेही."

मनांग, त्यानंतरची दोन पानं प्रश्नांची आहेत, ती मी चार वेळा वाचली. एकेकाचं उत्तर देते. हो, घरात उबदार असतं, अंगात एकच झगा घालून बसता येतं. नाही, नाक गळून पडत नाही. शाळा तीन चौकांवर आहे, मी चालून बघितली, घड्याळ लावून, सात मिनिटं. वर्गात आपल्याकडच्या चार मुली आहेत. तुम्ही विणलेले तीन स्वेटर एकावर एक घालून तिला विमानात बसवू नका, मनिलात तिचा जीव जाईल. पिशवीत द्या. आल्याचं तेल द्या, इथे मिळत नाही. सुकवलेला शेवग्याचा पाला कागदात गुंडाळून द्या, कोणी विचारलं तर चहा म्हणावं.

तिचा कोट मी शिवलाय. कारखान्यातल्या उरलेल्या कापडाचा, मुकादमाला विचारून. बाह्या जरा लांब ठेवल्या आहेत. तिची उंची मला माहीत नव्हती. तेओदोराच्या मुलीवर मापं घेतली. ती मुलगी नऊ वर्षांची आहे आणि जाडी आहे, तेव्हा बघू.

काल खूप बर्फ पडला. सकाळी उठून मी पायवाट मोकळी केली. हावरिलुकबाईने आता हलकं फावडं आणलंय, पत्र्याचं. मी थोडं थोडं उचलते आणि मधे थांबते. थांबले की आजूबाजूला बघते. सगळं पांढरं आणि शांत असतं, कुत्रंसुद्धा हळू भुंकतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की हे सुंदर आहे, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मनिलाच्या विमानतळावर तुम्ही रडलात तर तीही रडेल. तरी रडा. मी मना करणार कोण.

तुमची
फेली

*

विनिपेग, १२ डिसेंबर १९७९

मनांग,

रविवारी दुपारी नेनिता पोचली. तार केली होती, मिळाली असेल. व्हँकूवरहून बरोबर आलेली विमानातली बाई तिला हाताला धरून बाहेर घेऊन आली. नेनिताच्या गळ्यात तिच्या नावाची पाटी होती. मी तिला ओळखलं. तिने मला ओळखायला थोडा वेळ घेतला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तुम्ही फोटोत जाड्या होता." 'तुम्ही' म्हणते मला, मनांग. तुमचं वळण आहे. असू दे, जाईल हळूहळू.

कोट लांब झाला. खूपच लांब. हात बाह्यांत हरवले. तिने बाह्या हलवून बघितल्या आणि म्हणाली, "यात अजून एक जण मावेल." मी म्हटलं, पुढच्या वर्षी तूच मावशील.

बाहेर आल्यावर तिने पहिला श्वास घेतला आणि थांबली. उणे एकोणीस होतं. मी घाबरले. ती म्हणाली, "नाकात काहीतरी चावतंय." मी मफलर वर केला. मग तिने तोंडातून वाफ सोडून बघितली, पुन्हा सोडली, आणि बसथांब्यापर्यंत तेच करत राहिली. रडली नाही. बसमध्ये विचारलं, "बाबांना इथे थंडी वाजायची?" मी म्हटलं, वाजायची. "मग ते काय करायचे?" मी म्हटलं, टोपी घालायला विसरायचे आणि मी ओरडायचे.

घरी भात आणि तुमच्या पाल्याची आमटी केली. हावरिलुकबाई खालून गोड पाव घेऊन आली, पोरीकडे बघून म्हणाली, "ही तर काडी आहे," आणि तिच्या ताटात अर्धा पाव ठेवला. नेनिताने तो खाल्ला. तिला बाईंची भाषा कळली नाही, बाईंना तिची नाही, दोघी तासभर बोलत बसल्या.

झोपताना तिने माझे केस बाजूला केले आणि कान बघितला. तुम्ही सांगितलं असणार. बोट लावून म्हणाली, "दुखतं?" मी म्हटलं, नाही. ते खरं आहे. मग ती झोपली. मी बराच वेळ तिच्या पायांशी बसले होते. अन्सेल्मोची आठवण आली, पण जड नव्हती.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी तिच्या कोटाच्या बाह्या दोनदा दुमडल्या, तिला शाळेच्या दारापर्यंत चालत नेलं, तिथल्या वर्गाच्या बाईंच्या ताब्यात दिलं आणि आठच्या पाळीला कामावर गेले.